‘पर्लकोटा’ काढून ‘नदी’ करा

सकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान माझ्या फोनवर तीन मननं येऊन पडतात. नेटवर्क असेल तर. नसेल तर दोन-तीन दिवसांची एकदम पडतात आणि फोन दहा मिनिटं थरथरत राहतो.

ज्यांना ख्रिस्ती घरातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मनन म्हणजे दिवस सुरू करायला दिलेला छोटा मजकूर. वर बायबलमधला एखादा शास्त्रभाग, मग रोजच्या जगण्यातली किंवा इतिहासातली एक गोष्ट, तिच्यातून काढलेला बोध, शेवटी दोन ओळींची प्रार्थना आणि आमेन. वाचायला दोन मिनिटं. आमच्या नगरच्या घरी आजीच्या उशाशी, चष्म्याच्या घराखाली अशी एक पुस्तिका कायम असायची. आता तेच व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात कबूतर.

गेल्या सोमवारची तीन मननं सांगतो. पहिल्यात एका माणसाची गाडी बर्फात अडकली होती. दुसऱ्यात वादळात सापडलेल्या विमानाचा पायलट होता आणि त्याची छोटी मुलगी निर्धास्त बसली होती. तिसऱ्यात एक श्रीमंत उद्योगपती आणि त्याचा माळी. मी भामरागडला राहतो. इथं बर्फ पडत नाही. हेलिकॉप्टर येतं, पण ते पोलिसांचं असतं आणि त्यात बसलेली मुलगी अजून मी पाहिलेली नाही. उद्योगपतीबद्दल न बोललेलं बरं.

हसण्यावारी नेलं असतं. वर्षानुवर्षं नेलंच होतं. पण दीड वर्षापूर्वी एका वार्षिक मनन-पुस्तिकेसाठी मला डिसेंबरची काही मननं लिहायला सांगितली गेली. संस्थेचं नाव सांगत नाही. माणसं सज्जन आहेत, आणि दोष त्यांच्या एकट्याच्या पदरात घालायचा नाही. मी लिहून पाठवली. ‘ख्रिस्तामध्ये प्रिय बंधू’ अशी सुरुवात असलेलं उत्तर आलं. मननं आवडली होती, फक्त दोन दुरुस्त्या हव्या होत्या. एक: ‘पर्लकोटा’ काढून ‘नदी’ करा, वाचक सगळीकडचे असतात, मजकूर सार्वत्रिक हवा. दोन: 24 डिसेंबरच्या मननातला जेसीबी काढा, नाताळच्या आदल्या दिवशी लोकांना प्रसन्न वाटायला हवं, शिवाय ते थोडं राजकीय होतंय.

पहिल्या दुरुस्तीचं आधी बोलतो. तुमच्यातल्या बहुतेकांना हेमलकसा ठाऊक असतं, आमटे कुटुंबामुळे, सिनेमामुळे. भामरागड तिथून हाकेच्या अंतरावर. इथं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या एकत्र येतात. आलापल्लीकडून येणारा रस्ता गावात शिरण्याआधी पर्लकोटेवरचा पूल ओलांडतो आणि तो जुना पूल ठेंगणा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की तालुक्याचं गाव जगापासून तुटतं, आणखी फुगली की बाजारपेठेत शिरते. 2019च्या पावसाळ्यात हे एकदा नाही, अनेकदा झालं. दुकानदार माल माळ्यावर चढवतात, पाणी उतरलं की चिखल ओढतात, पुन्हा माल खाली मांडतात, पुन्हा पाणी. ‘नदी’ हे करत नाही. हे पर्लकोटा करते. नदी म्हटलं की कॅलेंडरवरचं चित्र दिसतं. पर्लकोटा म्हटलं की पूल दिसतो, आणि पूल दिसला की तो इतका ठेंगणा का हा प्रश्न डोक्यात येतो. नाव काढून टाका म्हणणाऱ्याला हे कळत नसेल असं नाही. कदाचित नेमकं हेच कळत असेल.

आमच्या मननांत पूर खूप येतो. पण तो नेहमी ‘तुमच्या आयुष्यात’ येतो, रस्त्यावर कधीच येत नाही. वादळ मनात, वाळवंट आत्म्यात, अंधार अंतःकरणात. जगातली प्रत्येक गोष्ट उचलायची, तिचं वजन काढून घ्यायचं आणि वाचकाच्या छातीत फुग्यासारखी भरायची, असा हा कारखाना आहे. त्यातून माणूस शांत होतो, नाकारत नाही. पण डोळे मिटून शांत होतो.

आता जेसीबी. जुलै 2024 मध्ये आमच्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पुराचा नाला पार करवला आणि दवाखान्यात नेलं. फोटो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला, तुमच्याही फोनवर आला असेल. चार दिवस हळहळ झाली. मी 24 डिसेंबरच्या मननात एवढंच लिहिलं होतं: गव्हाण म्हणजे काय, हे आपण विसरलोय. आपल्या देखाव्यांत ती सोनेरी गवताची, दिव्यांच्या माळेची असते. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. ती बाळासाठी केलेली नसते. दुसरं काही नव्हतं म्हणून तिचा पाळणा झाला. बकेटही माती उपसायला केलेली असते, बाईसाठी नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून तिची डोली झाली. ज्या चालकानं ती बकेट हळू हळू, हिसका न देता पलीकडे नेली, त्याचं नाव बातम्यांत कुठं होतं का? बेथलेहेममधल्या ज्या माणसानं गोठ्याची जागा दाखवली असेल त्याचंही नाव शुभवर्तमानात नाही. खरं तर तो माणूस, गोठा आणि मरीया बसते ते गाढव यांपैकी शुभवर्तमानात काहीच नाही. ते सगळं नंतरच्या लोकांनी आणि चित्रकारांनी प्रेमानं जोडलं. मी जेसीबी जोडला, तर तो राजकीय.

राजकीय! लूकच्या शुभवर्तमानातली नाताळची गोष्ट कशी सुरू होते, ते एकदा नीट वाचा. रोमी सम्राटाचं नाव, सुरियाच्या सुभेदाराचं नाव आणि सरकारी हुकूम: नावनिशी करायची आहे, आपापल्या गावी जा. योसेफ आणि दिवस भरलेली मरीया नाझरेथहून बेथलेहेमला निघाली ती काही देवदर्शनाला नाही. कागदासाठी निघाली. एका दाखल्यासाठी, एका शिक्क्यासाठी आतल्या गावाहून भामरागडला चालत आलेली आणि ‘साहेब आज नाहीत’ हे ऐकून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ती आपल्याला सांगावी लागते.

याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूकडे लोक ताजी बातमी घेऊन येतात. पिलातानं काही गालीलकरांना मारलंय. मग तो स्वतःहून दुसरी बातमी काढतो: शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. आकड्यासकट. आजच्या भाषेत बांधकाम कोसळून 18 ठार. त्याच्याजागी आमचा मनन-लेखक असता तर बोध तयार होता: पाया भक्कम ठेवा, अंतःकरणाचा. येशू तसं करत नाही. ती माणसं जास्त पापी होती म्हणून मेली का, असं विचारतो, स्वतःच नाही म्हणतो, आणि तोंड ऐकणाऱ्यांकडे वळवून ‘तुमचं काय’ असं विचारतो. मेलेल्यांना तो दृष्टांत होऊ देत नाही. रोजच्या बातमीवरचं मनन कसं करावं याचा याहून जुना नमुना माझ्या माहितीत नाही.

आणि दर रविवारी आम्ही उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार म्हणतो, त्यात येशू आणि मरीया सोडले तर एकाच माणसाचं नाव येतं. पंतय पिलात. एक सरकारी अधिकारी. दीड हजारांहून जास्त वर्षं जगभरचे ख्रिस्ती लोक देवाची स्तुती करताना मध्येच एका अधिकाऱ्याचं नाव घेतात, कारण त्याच्या अमलाखाली एक निरपराध माणूस मारला गेला. चर्चनं ते नाव काढून ‘परिस्थिती’ केलं नाही.

मराठी ख्रिस्ती लिखाणाचा वारसा तरी असा गुळगुळीत आहे का? मुळीच नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडहून आले, गोव्यात राहिले आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत, इथल्या पुराणाच्या घाटात, कारण समोर बसलेली साष्टीची माणसं तेच ऐकून मोठी झाली होती. नारायण वामन टिळकांची गोष्ट तर आमच्या मुलखाला लागून घडली. 1893 साली ते रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला, बोलणं झालं, त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली. राजनांदगाव म्हणजे आमच्या गडचिरोलीच्या उत्तरेच्या जंगलाला लागलेला मुलूख. फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, कारण ख्रिस्त इथल्या मातीतला दिसायला हवा ही त्यांची तडफड होती. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. त्यात धर्मांतराचं तत्त्वज्ञान शोधायला जाल तर सोवळं, चूल, रुसवे आणि उसनवारी सापडेल. कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, या घरगुती प्रश्नावर ती बाई अडली आणि त्याच प्रश्नावर बदलली. ते मनन आहे. त्यात एकही सूर्योदय नाही.

अगदी अलीकडचं नाव घ्यायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाल्यावर एका धर्मगुरूनं हे पद घ्यावं का, यावर केवढा गदारोळ झाला होता. त्या गदारोळात हरवलेली गोष्ट अशी की हा माणूस वसईच्या विहिरी, वसईचं पाणी आणि तिथला हिरवा पट्टा वाचवायला रस्त्यावर उतरला होता. त्यांच्या लिखाणातल्या विहिरीला गाव होतं. 2024च्या जुलैत ते गेले.

म्हणजे उधार गोष्टींची ही सवय आमची स्वतःची नाही, ती नंतर लागली. भाषांतर स्वस्त पडतं, वर्षाला 365 गोष्टी लागतात, आणि परक्या गावच्या गोष्टीवर कोणी रागावत नाही. बर्फात अडकलेल्या गाडीबद्दल कोण तक्रार करणार?

पण काही शब्द निरुपद्रवी नसतात. आमच्या मननांतला सगळ्यात लाडका शब्द ‘अंधार’ घ्या. ‘अंधारात चाचपडणारे लोक’, ‘अंधाऱ्या जंगलात पेटलेली ज्योत’. कोणाबद्दल लिहितोय आपण? मी ज्यांच्यात राहतो त्या माडिया माणसांबद्दल. त्यांचं पंडुम म्हणजे अंधार, त्यांचा गोटुल म्हणजे अंधार. आणि नवं पीक आधी अर्पण केल्याशिवाय तोंडात न घालणं, हाही अंधारच का? मग लेवीयच्या तेविसाव्या अध्यायातली पहिल्या पेंढीची आज्ञा कुठल्या उजेडात दिली होती? तिथंही तेच आहे: अर्पण होईपर्यंत नवं धान्य खायचं नाही. माझ्या शेजारची म्हातारी हा अध्याय न वाचता पाळते. मी वाचून पाळत नाही, बाजारातून तांदूळ आणतो.

मोहाचंही तसंच. लेंथचे चाळीस दिवस बहुधा मोहफुलांच्या मोसमात येतात, मार्च-एप्रिलमध्ये. माझ्या फोनवर तेव्हा ‘या उपवासकाळात चॉकलेट सोडा, सोशल मीडिया सोडा’ अशी मननं येतात. त्याच पहाटे इथल्या बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली असतात. फूल रात्री आणि पहाटे गळतं, उशीर केला तर गुरं आणि रानडुकरं खातात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन मोकळी करतात, त्यामुळे हात, पाय, पदर राखेनं माखलेले. राखेचा बुधवार आम्ही कपाळावर बोटभर राख लावून पाळतो. मोहाबद्दल आमच्या प्रवचनांत एकच वाक्य असतं, दारूचं. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि दारूनं इथली घरं बसली आहेत हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण फूल आधी अन्न आहे, घरातलं रोकड आहे, नंतर दारू. पाळकाला फक्त दारू दिसत असेल तर तो पहाटे त्या झाडाखाली गेलेला नाही.

या ‘अंधार’ शब्दाचा हिशेब शेवटी कोण चुकवतं? जानेवारी 2025 मध्ये बस्तरमधल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृत्यू झाला. दरभा भागातल्या त्याच्या गावानं दफनाला विरोध केला, गावठाणात नाही आणि स्वतःच्या शेतातही नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 7 जानेवारीपासून देह शवागारात पडून होता. 27 जानेवारीला निकाल आला तोही दुभंगलेला. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, खाजगी जमिनीत पुरू द्यावं. न्यायमूर्ती शर्मा म्हणाले, ख्रिस्त्यांसाठी राखलेल्या जागीच. देह आणखी पडून राहू नये म्हणून दोघांनी मिळून गावापासून वीस-एक किलोमीटरवरच्या दफनभूमीत पुरायला सांगितलं. बस्तर म्हणजे आमच्या इंद्रावतीचा पलीकडचा काठ. जगदलपूरवरून जी नदी वाहते तीच भामरागडला येते. त्या वीस दिवसांत माझ्या फोनवर साठेक मननं आली. नव्या वर्षाचे संकल्प होते, आशा होती, एक गरुडही होता. तो देह नव्हता.

त्या गावाला मी माफ करत नाही. मेलेल्या माणसाला त्याच्या गावची माती नाकारणं याला कुठलीही संस्कृती म्हणता येत नाही. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या देवांना भूत आणि जगण्याला अंधार म्हटलं, त्यांच्या मनात काय साचलं असेल याचाही विचार मनन नावाच्या गोष्टीत बसायला हवा. आणि स्वतःच्या घरातलंही. तिरुचिरापल्लीत कॅथलिकांच्या एका दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांची थडगी वेगळी पाडणारी भिंत आहे. माती नाकारायला आम्ही कोणाकडून शिकायला गेलो नव्हतो.

इथं मला थांबवून कोणी म्हणेल, आणि एक जण म्हणालेही: बाबा रे, रात्रपाळी करून आलेली नर्स, पोरगं आजारी असलेली आई, यांना सकाळी दोन ओळींचा धीर हवा असतो, तुझं वर्तमानपत्र नको. हा आक्षेप मला टोचतो, कारण तो खरा आहे. गेल्या पावसाळ्यात तीन दिवस नेटवर्क नव्हतं. आलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका बाईनं साचलेल्या मननांतलं एक मला दाखवलं, तेच वादळातल्या विमानाचं. तिचा नवरा पलीकडे अडकला होता. ती म्हणाली, हे वाचून मला झोप लागली. मी काय बोलणार? त्या पायलटच्या पोरीनं माझ्या कुठल्याही मननापेक्षा जास्त काम केलं होतं.

तरीही झोप हे एक काम आहे, सकाळी उठवणं हे दुसरं. मनन सकाळचं असतं. धीर देताना खोटं बोलायची गरज नसते. फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये तुरुंगातून त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला होता. तपास यंत्रणेनं उत्तर द्यायला वेळ मागितला, प्रकरण वीस दिवस पुढे गेलं. 5 जुलै 2021 रोजी ते 84व्या वर्षी कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात गेले. तहानलेल्याला पेलाभर थंड पाणी देण्यावर आमच्याकडे शेकडो मननं आहेत. 5 जुलैच्या पानावर प्लास्टिकचा सिपर ठेवला तर ते कमी धीर देणारं ठरतं का? मला तरी त्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातानं जास्त धीर दिला आहे.

माझ्यावरचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो कुठल्याही संपादकानं घेतला नाही. तो एका पोरानं घेतला. आश्रमशाळेत शिकून कॉलेजला गेलेला माडिया मुलगा, ख्रिस्ती, माझी मननं वाचणारा. प्रभूच्या प्रार्थनेवर मी एक मनन लिहिलं होतं. मूळ शब्दाला मराठी भाषांतरकारांनी ‘भाकर’ हा शब्द दिला, पाव दिला नाही, याचं मी भरभरून कौतुक केलं होतं. एका शब्दात सगळा देशावरचा शेतकरी प्रार्थनेत आला, असं काहीतरी. त्यानं वाचलं आणि सहज विचारलं, “सर, तुमच्याकडं रोज भाकर खातात?”

इथं कोणी रोज भाकर खात नाही. इथं भात आहे, जावा आहे, ती पातळ पेज, दुपारी रानात न्यायला भोपळ्याच्या तुंब्यात भरलेली. मी बर्फाच्या गाडीला हसत होतो आणि माझी भाकर त्याच्यासाठी बर्फाची गाडीच होती. माझं मराठीदेखील त्याच्यासाठी शाळेत शिकलेलं आहे, त्याची आई माडियात बोलते. मी पर्लकोटेचं नाव लिहिलं म्हणून इथला होत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

त्याला म्हटलं, मग तू सांग. तुझ्या आईसाठी काय म्हणायचं? त्यानं दोन दिवसांनी एक व्हॉइस नोट पाठवली, माडियात, दीड मिनिटाची. मला अर्ध्याहून जास्त कळली नाही. जावा कळला. पाठीमागे कोंबडा आणि कोणीतरी धान कांडत असल्याचा आवाज होता.

पुस्तिकेत शेवटी माझं 24 डिसेंबरचं मनन आलं नाही. त्या पानावर मेणबत्ती विकणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे, बहुतेक लंडनमधली. मी माझं मनन, जेसीबी आणि पर्लकोटेसकट, स्वतःच आमच्या गटावर टाकलं. तीन जण गट सोडून गेले. एकानं हात जोडले. नाशिककडच्या एका बाईनं, जिला मी ओळखत नाही, दुसऱ्या दिवशी विचारलं की त्या नाल्यावर आता पूल झाला का.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पाणी उतरलं की त्या रस्त्यानं जाऊन बघायचं आहे. येत्या वर्षाच्या मननांसाठी पुन्हा निरोप आला आहे, मुदत महिनाअखेर. यावेळी त्यांनी आधीच कळवलंय: विषय ‘आनंद’, शब्दमर्यादा 200, स्थळांची नावं शक्यतो टाळावीत.